सतरा नंबरचा पंच

अनुसूया : ...आणि दारातनंच परत पाठवलं मला. पाणीसुद्धा विचारलं नाही.

नीलकंठ : कुणी? जगन्नाथनं?

अनुसूया : जगन्नाथ आतच होता. चपला दिसल्या मला त्याच्या. बोलली ती त्याची बायको, क्षमा. म्हणाली, वहिनी, ह्यांना नाही जमायचं यायला, खंडेनवमीला दुसरे भटजी बघा. आता झाशीत मराठी भटजी काय रस्त्यावर पडलेत? अकरा वर्षं झाली तो आपल्याकडे पूजा सांगतोय. मी काल भाज्या चिरून ठेवल्या, कारण आज विळी चालवायची नाही. विळी घासली, अडकित्ता घासला, चौरंगावर मांडला. आणि आता पूजा सांगायलाच माणूस नाही.

नीलकंठ : असेल त्याचं काही काम. मी करतो पूजा, पुस्तकात बघून.

अनुसूया : तुम्ही बसा आधी. मला पुढचं सांगू दे. मी तिला विचारलं, क्षमा, आमचं काही चुकलं का गं? तर काय म्हणाली माहितेय?

नीलकंठ : काय?

अनुसूया : म्हणाली, साहेबांना विचारा, गेल्या खंडेनवमीला सतरा नंबर कुठं होता.

नीलकंठ : पूजेची वेळ टळतेय.

अनुसूया : विषय बदलू नका. सतरा नंबर म्हणजे तुमचा पंच, एवढं मला कळतं. वीतभर लोखंडी कांडी, टोकाला आकडा. भुसावळहून इथं आलो त्या वर्षापासून, बावीस वर्षं, दर खंडेनवमीला तो माझ्या विळीशेजारी ह्याच चौरंगावर बसलाय. ह्या वर्षी विचारलं तर म्हणालात, कंपनीत नियम कडक झालेत, घरी आणता येत नाही. मी म्हटलं, असेल.

नीलकंठ : नियम पहिल्यापासून तोच आहे. इन्स्पेक्टरचा पंच गेटबाहेर न्यायचा नाही. मी आणत होतो.

अनुसूया : आणि गेल्या वर्षी तो इथंच होता. जगन्नाथनंच त्याला हळदकुंकू लावलं, माझ्या डोळ्यांदेखत. सकाळी साडेसहाला. तो कंपनीत तुमच्याच हाताखाली, मग तुम्ही दोघं तुमच्या स्कूटरवरनं कामावर गेलात. तो मागं बसला होता, डब्यात मी त्याला दोन पुरणपोळ्या जास्त दिल्या होत्या.

नीलकंठ : हो.

अनुसूया : मग ती बाई असं का विचारते?

नीलकंठ : अनुसूया, दार लोटून घे.

अनुसूया : शेजारी सगळे बुंदेली. त्यांना काय कळतंय आपलं. बोला.

नीलकंठ : गेल्या वर्षी नवमीला सुट्टी नव्हती. मोठी टाकी रवाना करायची होती. एरवी त्या दोन दिवसांत तपासणीचं काम निघत नाही, म्हणून बावीस वर्षं खपून गेलं. गेल्या वर्षी अकरा वाजता टाकी क्रेनला लावली. उचलायची कडी असतात टाकीला, चार. त्यांचं वेल्डिंग तपासायचं आणि बरोबर असेल तर हातोडीनं त्यावर पंच मारायचा. सतरा नंबर उमटला की क्रेनवाला उचलणार. नाही उमटला तर मोठ्या साहेबांनी सांगितलं तरी टाकी हलायची नाही.

अनुसूया : माहितेय. गणपतीत येईल त्या पाहुण्याला ऐकवायचात. माझ्या एका ठोक्याशिवाय कारखान्यातनं सुई बाहेर पडत नाही.

नीलकंठ : आणि त्या दिवशी ठोका मारायचं हत्यारच तिथं नव्हतं. इथं होतं.

अनुसूया : मग यायचं घरी. न्यायचं.

नीलकंठ : पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, हे आपल्याकडे चालत आलेलं. आणि गेटवर काय सांगून निघणार? पंच घरी आहे म्हणून? जगन्नाथ सोडून कुणाला ठाऊकच नव्हतं. मी कागदावर सही करून टाकली. क्रेनवाल्याला म्हटलं, मी बघितलंय, उचल. पंच दसऱ्यानंतर मारतो.

अनुसूया : बघितलं होतं?

नीलकंठ : तीन कडी बघितली.

अनुसूया : चार होती म्हणालात.

नीलकंठ : चौथं पलीकडच्या अंगाला होतं. शिडी लावून चढावं लागलं असतं. कंटाळा केला.

अनुसूया : आणि तेच सुटलं.

नीलकंठ : तेच. टाकी हातभर उचलली होती, एकदम एका अंगावर आली. खाली कुणी नव्हतं म्हणून वाचलो. टाकी चेपली.

अनुसूया : टाकी पडली एवढं सांगितलं होतंत मला. पुढं?

नीलकंठ : दुपारी मोठ्या साहेबांनी बोलावलं. म्हणाले, कड्यांवर पंच दिसत नाही, मग टाकी उचलली कशी? मी दोन वाक्यं बोललो.

अनुसूया : कोणती?

नीलकंठ : सकाळी कपाट उघडलं तर पंच जागेवर नव्हता. कपाटाची किल्ली जगन्नाथकडे असते.

अनुसूया : जगन्नाथचं नाव घेतलंत?

नीलकंठ : दुसरं वाक्य खरं होतं.

अनुसूया : म्हणजे खोट्याला खऱ्याचा टेकू दिलात.

नीलकंठ : पंच चोरीला गेला म्हटल्यावर कड्याचं कुणी विचारलंच नाही. त्या पंचानं खोटे ठोके मारून कुठला खराब माल बाहेर गेला की काय, ह्याचीच सगळ्यांना धास्ती. कपाटं उपसली, ड्रॉवर उपसले, कामगारांचे डबे उघडले.

अनुसूया : काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि कळसा माझ्या चौरंगावर. मी त्याला निरांजन ओवाळत होते.

नीलकंठ : तीन दिवस चौकशी चालली. जगन्नाथ ठेकेदाराचा माणूस, कंपनीचा नव्हे. चौथ्या दिवशी त्याचा पास काढून घेतला. गेटवर फोटो लावला, ह्याला आत सोडू नये म्हणून.

अनुसूया : आणि मला काय सांगितलंत? ठेका बदलला, जगन्नाथ सुटला.

नीलकंठ : हो.

अनुसूया : थांबा जरा. दूध उतू जाईल, गॅस बारीक करून येते.

नीलकंठ : मी करतो.

अनुसूया : नको. तुम्ही उठलात की पुन्हा बसणार नाही, मला ठाऊक आहे... हं. आता मी सांगते ते ऐका. मलाही कळलं होतं. चैत्रात आपल्यातल्या बकुळकडे हळदीकुंकवाला गेले होते, तिथं कुजबुज चालली होती की जगन्नाथनं कंपनीत हात मारला म्हणे. काय मारलं ते मी विचारलं नाही. मनात आलं, गरजेला केलं असेल बिचाऱ्यानं. म्हणजे मीही त्याला चोर धरूनच बसले. आणि आज सकाळी मोठ्या मनानं गेले त्याला बोलवायला. की झालं गेलं विसरू, आपण माणसं टाकत नाही. मोठं मन घेऊन गेले मी त्याच्या दारात. ती क्षमा माझ्याकडे कशी बघत होती, ते आता कळतंय. तोंड कुठं लपवू असं झालंय मला.

नीलकंठ : तुझा काय दोष त्यात.

अनुसूया : माझा दोष मी बघेन. तुम्हाला माहितेय तो आता काय करतो? क्षमानं तेही ऐकवलं. इथं मराठी घरं ती किती, हाताच्या बोटांवर मोजावीत. एकाला कळलं की सगळ्यांना कळतं. चोराच्या हातनं देवाला फूल कोण वाहून घेणार? वास्तुशांत नाही, सत्यनारायण नाही. एरचला जातो, समथरला जातो, बसनं. तिथं त्याला कुणी ओळखत नाही म्हणून. सात पिढ्या ज्यांनी ह्या गावात पूजा सांगितल्या, त्यांचा मुलगा ओळख नसलेलं गाव शोधत फिरतोय.

नीलकंठ : माझ्या कानावर नव्हतं आलं.

अनुसूया : कान बंद केल्यावर येणार कसं. गेल्या दसऱ्याला, दुसऱ्याच दिवशी, तो इथल्या रीतीनं विड्याचं पान घेऊन आला होता. दरवर्षी यायचा. ह्या मुलखात दसऱ्याला नीलकंठ पक्षी दिसला की शुभ मानतात, म्हणून हसत म्हणायचा, वहिनी, लोक रानात शोधत हिंडतात, माझा नीलकंठ तर घरीच सापडतो. त्या दिवशी तुम्ही आतनंच सांगितलंत, डोकं दुखतंय. तेव्हाच कळायला हवं होतं मला. दसऱ्याला कधी डोकं दुखलं नाही तुमचं.

नीलकंठ : त्याच्यासमोर यायची हिंमत नव्हती.

अनुसूया : आणि मी दसऱ्याच्या संध्याकाळी पंच उचलून तुमच्या हातात दिला, लाल कापडात गुंडाळून. तो कुठाय?

नीलकंठ : स्कूटरच्या डिकीत.

अनुसूया : वर्षभर?

नीलकंठ : वर्षभर. रोज ठरवायचं, आज साहेबांच्या टेबलावर ठेवू आणि सांगू. रोज गेटपर्यंत न्यायचा आणि रोज परत आणायचा. कंपनीनं मला नवा दिलाय, तेवीस नंबर. त्यानं काम चालवतो. ठोका मारताना हात जड होतो.

अनुसूया : गेटवर तपासत नाहीत डिकी?

नीलकंठ : माझी नाही तपासत. सलाम करतात.

अनुसूया : आणि जगन्नाथचा डबा उघडायचे.

नीलकंठ : दोन्ही वेळेला.

अनुसूया : अहो, इतकी वर्षं तो पंच तुम्ही लोखंडावर चालवलात. मला अभिमान होता त्याचा, खोटं नाही सांगत. त्या दिवशी माणसावर चालवलात. आणि तोही असा माणूस, जो उलट हात उचलणार नाही.

नीलकंठ : निवृत्तीला पाच महिने राहिलेत, अनुसूया. आता सांगितलं तर निलंबन करतील. खातेचौकशी लावतील. लोक काय म्हणतील?

अनुसूया : जगन्नाथला जे म्हणतात तेच म्हणतील. तो वर्षभर ऐकतोय, तुम्ही पाच महिने ऐका.

नीलकंठ : बरं. असं करू. पंच आणतो, चौरंगावर ठेव. आज पूजा होऊ दे. उद्या दसरा, परवा रविवार. सोमवारी सकाळी पहिलं काम—

अनुसूया : नाही.

नीलकंठ : सोमवारी नक्की. देवाशप्पथ.

अनुसूया : देवाला मध्ये घेऊ नका. चौरंगावर एकदा बसला की उद्या संध्याकाळपर्यंत मीही तो उचलू देणार नाही आणि तुम्हीही उचलणार नाही. मग सोमवार. मग साहेब दौऱ्यावर. मी ओळखते तुम्हाला. तीन कडी बघून चौथं सोडणारा माणूस. तो पंच मी आज मांडणार नाही. त्याची जागा मोकळी राहू दे. मोठे साहेब सुट्टीतही येतात ना? किती वाजेपर्यंत असतात?

नीलकंठ : पाच.

अनुसूया : मग लिहायला बसा. तोंडानं बोलायला गेलात तर पुन्हा दोन वाक्यांत गुंडाळाल. आणि आधी खंडेराव गेटला, जगन्नाथच्या घरी जा. साहेबांकडे नंतर.

नीलकंठ : तू येतेस बरोबर?

अनुसूया : मी सकाळी जाऊन आले.

(त्याच दिवशी, दुपारी दीडच्या सुमारास. खंडेराव गेटजवळ जगन्नाथच्या घराची ओसरी.)

जगन्नाथ : इथंच बसा साहेब, ओसरीवर. आत बायको आहे. ती काही बोलली तर तुम्हाला ऐकवणार नाही.

नीलकंठ : बोलू दे तिला. तिनं बोलायलाच हवं.

जगन्नाथ : नाही जी. ती सुरू झाली की मग रात्रीपर्यंत समजवत मला बसावं लागतं. पाणी घ्या.

नीलकंठ : नको, राहू दे.

जगन्नाथ : घ्या. धूप आहे बाहेर. सकाळी वहिनींना पाणी नाही विचारलं, ते चुकलं आमचं. दारात आलेल्याला पाणी, ही चाल आमच्या घरात कधी मोडली नव्हती.

नीलकंठ : जगन्नाथ, मी खोटं बोललो. तुझ्या नावावर.

जगन्नाथ : मालूम आहे.

नीलकंठ : कुणी सांगितलं?

जगन्नाथ : कुणी कशाला सांगेल. मी दाराबाहेर बाकावरच बसलो होतो ना. मोठ्या साहेबांच्या केबिनचं दार प्लायवूडचं. दोन्ही वाक्यं ऐकली.

नीलकंठ : ऐकलीस? मग आत का नाही आलास? कुंकू तूच लावलं होतंस त्याला. एक शब्द बोलला असतास तर मी तोंडघशी पडलो असतो.

जगन्नाथ : त्या दिवशी सोचलं, साहेब घाबरलेत. टाकी पडली, डोकं जागेवर नाही. घरी जातील, चौरंगावर पंच दिसेल, मग आपसूक बोलतील. दसऱ्याला पान घेऊन आलो तुमच्याकडे. तुम्ही बाहेर नाही आलात.

नीलकंठ : नाही आलो.

जगन्नाथ : मग चौकशी. तीन दिवस त्याच बाकावर. रोज वाटायचं, आज बोलतील. तुम्ही यायचात, माझ्यासमोरून आत जायचात. पहिल्या दिवशी मी उठून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी पण केला. तिसऱ्या दिवशी नाही केला, तेवढंच.

नीलकंठ : मला आठवतंय. तिसऱ्या दिवशी तू उठला नाहीस, आणि मला बरं वाटलं. म्हटलं, आता हा रागावलाय, आता बोलेल, मी सुटेन.

जगन्नाथ : मी बोलावं असं तुम्हाला वाटत होतं?

नीलकंठ : हो. म्हणजे तेसुद्धा तुझ्यावरच टाकलं मी.

जगन्नाथ : मी बोलूनही कोणी खरं मानलं नसतं, ते एक. आणि मानलं असतं तर? तुमच्या घरी माणसं आली असती झडतीला. वहिनींच्या समोर चौरंगावर हात घातला असता. आजोबा म्हणायचे, यजमानाच्या देवघरात जे बघितलं ते उंबऱ्याच्या आत ठेवायचं. मी तेच धरून बसलो. बायको म्हणते, मूर्ख आहात. असेन जी. पण देवघराची झडती मी करवायची, हे मला जमलं नसतं.

नीलकंठ : तू मला आधीच वाचवायला निघाला होतास. क्रेनपाशी.

जगन्नाथ : ती बात सोडा.

नीलकंठ : सोडून कसं चालेल? तू कानाशी येऊन म्हणालास, साहेब, मी कुणाची तरी मोटरसायकल घेऊन जातो, चार अक्षता टाकतो, उत्तरपूजा करून पंच उचलून आणतो. देव काही म्हणत नाही, दोष मी घेतो. तासाभराचं काम होतं. मी काय म्हणालो, आठवतं?

जगन्नाथ : आठवतं.

नीलकंठ : तू मंत्र सांग, इन्स्पेक्शन मला शिकवू नकोस. तेही मोठ्यानं, हिंदीत, सगळ्यांना कळावं म्हणून.

जगन्नाथ : सगळे हसले होते.

नीलकंठ : मीही हसलो. हातात पंच नव्हता, पण मिजास होती. नेहमीच होती. तुझ्या मराठीलासुद्धा हसायचो मी. ही कसली हिंदाळलेली मराठी म्हणून.

जगन्नाथ : ते खरंच आहे जी, हिंदाळलेलीच आहे. त्याचं नाही वाटलं काही. फोटोचं वाटलं. गेटवर लावलाय ना, तो माझ्या पासाचाच मोठा केलाय. पासासाठी फोटो काढायला तुम्हीच नेलं होतं सदर बाजारात. मी टोपी घालून बसलो, तुम्ही म्हणालात, काढ, भटजी वाटतोस, कामगार वाटायला पाहिजेस. कंगवा पण तुमचाच होता.

नीलकंठ : जगन्नाथ, मला माफ कर.

जगन्नाथ : माफीचं संध्याकाळी बघू. आधी जाऊन तर या.

नीलकंठ : आजच जातोय. इथनं सरळ कंपनीत. लिहून आणलंय, चार ओळींत नाही, दोन पानं. हे वाच. चष्मा आहे ना?

जगन्नाथ : आहे... हं... पंच मी स्वतः घरी नेला होता... बरोबर. चौथं कडं तपासलं नाही... हे पण लिहिलंत. हे लिहिण्याची गरज नव्हती.

नीलकंठ : होती. कडं तपासलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

जगन्नाथ : अक्षर सुंदर आहे तुमचं. इथं एक जागा बघा, साहेब. दुसऱ्या पानावर.

नीलकंठ : कुठं?

जगन्नाथ : गैरसमजातून जगन्नाथवर संशय गेला, असं आहे.

नीलकंठ : हो.

जगन्नाथ : गैरसमज कुणाचा झाला होता? मी भांडत नाही जी. विचारून घेतो. मला पुढं मोहल्ल्यात दाखवावा लागेल ना हा कागद. कोणी विचारलं, गैरसमज कसा झाला, तर काय सांगू?

नीलकंठ : कुणाचाच नव्हता झाला. मला ठाऊक होतं, तुला ठाऊक होतं. दे तो कागद. अनुसूया म्हणाली होती, लिहून न्या, तोंडानं गुंडाळाल. लिहितानाही गुंडाळलंच.

जगन्नाथ : पेन देऊ?

नीलकंठ : आहे माझ्याकडे. हे खोडलं. आता... मी जाणूनबुजून जगन्नाथचं नाव घेतलं. बरोबर?

जगन्नाथ : तुम्ही सांगा बरोबर आहे का.

नीलकंठ : बरोबर आहे. खाडाखोड झाली थोडी. पुन्हा नव्यानं लिहून काढू का?

जगन्नाथ : राहू द्या. दोन वाजत आलेत.

नीलकंठ : तू चल माझ्याबरोबर. आत नाही सोडणार तुला, पण गेटपर्यंत तरी. तू बाहेर आहेस हे माहीत असलं की माझे पाय मागं वळणार नाहीत.

जगन्नाथ : गेटवर माझा फोटो आहे, साहेब. त्याच्या खाली उभा राहू?

नीलकंठ : चुकलो. पुन्हा चुकलो. मी एकटाच जातो.

जगन्नाथ : पाणी तर प्या. भांडं तसंच धरून बसलात.

नीलकंठ : पितो. आणि घरची पूजा झालेली नाही अजून. अनुसूया थांबून राहिलीये. तू जाशील का? माझ्यासाठी नाही म्हणत.

जगन्नाथ : आज नाही जाणार जी. वहिनींना सांगा, विळीला स्वतःच्या हातानं हळदकुंकू लावा, दोन फुलं वाहा. तेवढी पूजा पुरे होते. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

नीलकंठ : बरं. निघतो मी. हा पंच तेवढा वर पिशवीत घेतो, डिकीत नको आता.

जगन्नाथ : आणलाय? बघू.

नीलकंठ : हा बघ.

जगन्नाथ : हे तर वहिनींचं चौरंगावरचं कापड.

नीलकंठ : तिनं दिला तसाच राहिला. वर्षभरात एकदाही सोडून बघितला नाही मी. थांब, टोकाला काहीतरी चिकटून वाळलंय, आकड्याच्या खाचेत. साहेबांपुढं असा कसा ठेवू? एखादं फडकं दे, पुसून घेतो.

जगन्नाथ : पुसू नका, साहेब. ते माझ्या बोटाचं कुंकू आहे. असाच दाखवा.